खाडाखोड नव्हे, दुरुस्ती

पालक बंधू-भगिनींनो आणि माजी विद्यार्थी मित्रांनो,

मी शिक्षक नव्हे. आपल्या शाळेच्या कार्यालयात मी २८ वर्षे कारकून होतो. आपल्यापैकी अनेकांची नावे जनरल रजिस्टरमध्ये माझ्याच हाताने लिहिली गेली आहेत. त्या रजिस्टरचा एक नियम मला पहिल्याच दिवशी मोठ्या साहेबांनी सांगितला होता. चूक झाली तर ब्लेडने खरवडायचे नाही, व्हाइटनर लावायचा नाही, पान तर मुळीच फाडायचे नाही. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे. वर लाल शाईने बरोबर ते लिहायचे आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायची. खाडाखोड वेगळी आणि दुरुस्ती वेगळी, हे मी तिथे शिकलो.

आज हे आठवायचे कारण म्हणजे माझा पुतण्या. गेल्या काही वर्षांत आपल्या डांडिया बाजारात, रावपुऱ्यात, वाडीत असे घर शोधावे लागेल की ज्यातले कोणी परदेशी गेलेले नाही किंवा जाण्याच्या खटपटीत नाही. पूर्वी आपले लोक पुण्या-मुंबईला जात, आता कॅनडा-ऑस्ट्रेलियाला जातात. जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. आपले पूर्वजही नोकरीसाठीच बडोद्यास आले. परंतु जाताना जे अर्ज भरावे लागतात त्यांतील चुकांविषयी आपण जे वागतो, त्याबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत.

माझ्या पुतण्याने एम.ई. केले, केमिकलमध्ये. शेवटच्या सत्राच्या प्रोजेक्टसाठी तो जानेवारी २०२० पासून मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात जात होता. मार्चअखेर लॉकडाउन लागला तेव्हा तेच काम घरून केले. पगार नव्हता. पुढे त्याच कारखान्यात १ जुलै २०२० पासून पगारी नेमणूक झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीत आपली माहिती भरली. 'या कंपनीत केव्हापासून?' या रकान्यात त्याने जानेवारी २०२० लिहिले. मनात कपट नव्हते. विचाराल तर तो आजही जानेवारीपासूनच सांगतो.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅनडा कुशल कामगारांना गुण देऊन निवडते. ही गुणांची पद्धत त्या देशाने १९६७ मध्ये आणली आणि २०१५ पासून एक्स्प्रेस एन्ट्री सुरू झाली. वय, शिक्षण, भाषा, नोकरीचा अनुभव यांचे गुण मोजतात. वेळोवेळी फेरी निघते, आणि त्या फेरीच्या किमान गुणांच्या वर जे असतात त्यांना अर्ज करण्याचे निमंत्रण मिळते. निमंत्रणानंतर सर्व कागदपत्रांसह अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. अनुभव पगारी कामाचाच धरतात. बिनपगारी प्रशिक्षण मोजत नाहीत. आणि इंग्रजीचे गुण चांगले असतील, तर परदेशातला तीन वर्षांचा अनुभव असणाऱ्याला त्यापोटी ५० गुण मिळतात, तीनपेक्षा कमी असेल तर २५.

म्हणजे त्या एका तारखेने पुतण्याचे २५ गुण वाढले. त्याचे ४८८ झाले होते, खरे ४६३ होते. मार्च २०२३ मध्ये निमंत्रण आले. घरात पेढे वाटले. कंपनीचे पत्र मागायला गेला तेव्हा पत्रात तारीख आली १ जुलै २०२०. दोन वर्षे आठ महिने. तेव्हा त्याच्या ध्यानात आले.

रविवारी संध्याकाळी सगळे दादाच्या घरी बसलो. दादा म्हणाला, "त्यात काय, ऑफिसात माझी ओळख आहे. जानेवारीची तारीख घालून पत्र लिहून घेऊ. तो जात तर होताच ना?" ज्या एजंटकडून फॉर्म भरला होता त्याला फोन केला. तो म्हणाला, "इतके कोणी बघत नाही." वहिनी देवापुढे दिवा लावून बसल्या होत्या, त्या काहीच बोलल्या नाहीत. पुतण्याने मला विचारले, "काका, तुम्ही काय केले असते?"

मी म्हणालो, "बाळ, या क्षणापर्यंत ही चूक आहे. उद्या ते पत्र आणलेस की चूक राहणार नाही, लबाडी होईल. रेघ मार आणि लाल शाईने लिही."

हे सांगताना माझा जीव काही शांत नव्हता. लाल शाईने लिहायचे म्हणजे काय, तर आलेले निमंत्रण नाकारायचे. त्या खात्याचा स्वतःचाच सल्ला तसा आहे. गुण पुन्हा मोजून पाहा, आणि ते त्या फेरीच्या किमान गुणांखाली गेले तर निमंत्रण नाकारा. नाकारले तर आपण पुन्हा रांगेत उभे राहतो. नुसते ६० दिवस जाऊ दिले तर मात्र नव्याने माहिती भरावी लागते. पुतण्याने नाकारले, तारीख दुरुस्त केली.

पुढे काय झाले ते लपवत नाही. जुलैमध्ये त्याची खरीखुरी तीन वर्षे भरली आणि पुन्हा ४८८ गुण झाले. पण जुलै २०२३ च्या सर्वसाधारण फेऱ्यांत किमान गुण ५०० च्या वर गेले होते, आणि २०२४ मधल्या तशा फेऱ्यांतही ते खाली आले नाहीत. आजही तो बडोद्यातच आहे. वहिनी मला एकदा म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे रजिस्टर आम्हाला महागात पडले." मी काय उत्तर देणार? महागात पडले हे खरेच आहे.

तरीही माझे मत बदललेले नाही. कारणे सांगतो.

पहिले कारण व्यवहाराचे. कॅनडाच्या २००१ च्या स्थलांतरविषयक कायद्यात कलम ४० आहे. महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली किंवा दडवली, तर पाच वर्षे दार बंद. पूर्वी ही मुदत दोन वर्षे होती, २०१४ मध्ये पाच केली. शिवाय निमंत्रण ज्या गुणांवर मिळाले ते गुण प्रत्यक्षात नव्हते असे दिसले, तर व्हिसा देता येत नाही असेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे खरे पत्र जोडून तसाच अर्ज केला असता तरी तो नामंजूरच झाला असता. आणि खोटे पत्र जोडून पकडला गेला असता तर २०२८-२९ पर्यंत बाहेर. आज तो बाहेर नाही, रांगेत आहे. दोन्हींत फार फरक आहे.

"कोणी बघत नाही" हेही खरे नाही. पगाराच्या पावत्या, आयकराचे कागद, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, सगळीकडे तारखा असतात. आणि पूर्वी दुसऱ्या देशाने व्हिसा नाकारला असेल तर तो सांगावाच लागतो. कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे देश अशा माहितीची आपापसांत देवाणघेवाण करतात. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेच्या व्हिसाला नकार मिळाला ही लाज वाटण्याची बाब नाही. तो रकाना "नाही" म्हणून भरणे ही आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. चुकीला आपण जितके भितो तितकी ती मोठी होते. बहुतेक चुका दुरुस्त होतात, फक्त वेळ पाहावी लागते. निमंत्रणाआधी लक्षात आली तर आपली माहिती आपणच बदलता येते. निमंत्रणानंतर आली तर गुण पुन्हा मोजायचे. अर्ज गेल्यावर आली, तर त्यांनी विचारायची वाट न पाहता खात्याच्या ऑनलाइन फॉर्ममधून आपणच कळवायचे. पत्र एक पानाचे असावे: काय लिहिले होते, खरे काय आहे, चूक कशी झाली, आणि पुरावा सोबत. रडगाणे नको, घराण्याचा इतिहास नको. कळवल्याने माफी मिळेलच याची हमी नाही. पण आधी स्वतः सांगणारा आणि विचारल्यावर सांगणारा, यांत कोणताही साहेब फरक करतोच.

कधी अधिकाऱ्याचेच पत्र येते की अमुक गोष्टीबद्दल शंका आहे, खुलासा करा. ते पत्र आले म्हणजे सर्व संपले असे समजून लोक हातपाय गाळतात, काही जण तर उत्तरच देत नाहीत. ते पत्र म्हणजे निकाल नव्हे, आपली बाजू मांडण्याची संधी आहे. मुदतीच्या आत कागदांसह उत्तर द्यावे, आणि प्रकरण गंभीर असेल तर वकील करावा. आणि कागद अपुरे म्हणून अर्ज परत आला तर ती बेअब्रू नाही. मार्कशीट जोडली नाही म्हणून मी स्वतः शेकडो अर्ज परत केले आहेत, त्यातले विद्यार्थी पुढे डॉक्टर-इंजिनिअर झाले.

एका चुकीला मात्र नंतर दुरुस्ती जवळजवळ नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. अर्ज चालू असताना लग्न झाले किंवा मूल झाले, तर ते तत्काळ कळवा. सोबत येणार नसले तरी कळवा. कुशल कामगार म्हणून गेलेल्या माणसाने आपल्या बायकोचे किंवा मुलाचे नाव दडवले आणि त्यांची तपासणी झाली नाही, तर पुढे त्यांना कुटुंबीय म्हणून बोलावण्याचा नेहमीचा मार्ग बंद होतो. प्रकरण लांबेल या भीतीने तान्ह्या मुलाचे नाव न लिहिणे यासारखा दुसरा वेडेपणा नाही.

एजंटांविषयी दोन शब्द. सगळेच वाईट नसतात. पण कॅनडाच्या कायद्याप्रमाणे पैसे घेऊन हे काम करण्याचा अधिकार तिथल्या वकिलांना आणि तिथल्या अधिकृत संस्थेत नोंदलेल्या सल्लागारांनाच आहे. नोंद आहे का ते विचारा, यात संकोच कसला? आणि फॉर्म कोणीही भरो, खाली सही आपली असते. २०२३ मध्ये पंजाबातल्या अनेक विद्यार्थ्यांवर कॅनडातून परत पाठवले जाण्याची वेळ आली, कारण एजंटने दिलेली कॉलेज-प्रवेशाची पत्रे बनावट निघाली. काहींना ते कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज केल्यावर समजले. तिथल्या सरकारने पुढे प्रत्येक प्रकरण वेगळे तपासायचे ठरवले, पण तोवर त्या मुलांनी काय सोसले असेल! म्हणून पाठवण्यापूर्वी संपूर्ण अर्ज स्वतः वाचा आणि त्याची प्रत घरी ठेवा. पुतण्याने एजंटने भरलेला फॉर्म नीट वाचला नव्हता, हीच खरी पहिली चूक.

आता आपल्या घरची गोष्ट. आपल्या मुलांच्या नावांचा घोळ इथूनच सुरू होतो, आणि त्यात माझाही हात आहे. इथल्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळ्या रकान्यात. मधले नाव वडिलांचे, मुलीचे लग्नानंतर नवऱ्याचे. मराठीत लिहिलेले नाव गुजरातीत गेले, तिथून इंग्रजीत गेले, आणि वाटेत कुठे एक 'एच' वाढला, कुठे गळला. कोणाच्या कागदावर बरोडा आहे, कोणाच्या वडोदरा. दोन नावे असणे हा गुन्हा नव्हे. अर्जात 'इतर नावे' असा रकाना असतो, त्यात सगळी लिहावीत आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे. दाखल्यावर चूक दिसली तर दहावीच्या आधीच शाळेत या. तेव्हा ती नियमाने दुरुस्त होते, पंधरा वर्षांनी धावाधाव करावी लागते.

शाळेला माझी एक विनंती आहे. नववीच्या मुलांना वर्षातून चार तास अर्ज भरायला शिकवावे. बँकेचा, पासपोर्टचा, कोणताही. आणि त्यात चूक झाली की गुण कापू नयेत. ती त्याने स्वतः शोधून, एक रेघ मारून, शेजारी सही करून दाखवली तर गुण द्यावेत. आपल्याकडे चुकीला छडी होती, म्हणून मुले पाने फाडायला शिकली. मीही शिकलो होतो.

परवा पुतण्या घरी आला होता. आता तो फ्रेंच शिकतो आहे, त्याचेही तिथे गुण मिळतात. मी विचारले, "रागावला आहेस का माझ्यावर?" तो म्हणाला, "काका, कधी कधी वाटते की गेलो असतो. पण पोस्टमन दिसला की पोटात गोळा येत नाही." वहिनींनी चहा ठेवला होता. त्यांनी ते ऐकले, आणि मला साखर घालायची राहिली म्हणून कप परत नेला.

आपला,
शाळेचा एक जुना कारकून