पोकळ इशाऱ्यांचा जाब

वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर 1 मार्च 2025 रोजी उतरू पाहणाऱ्या अनेक विमानांत, आसमंतात दुसरे विमान नसताना, टक्कर टाळणाऱ्या यंत्राने धोक्याचा पुकारा केला आणि काही वैमानिकांना उतरणे सोडून पुन्हा वर जावे लागले. याच विमानतळाजवळ जेमतेम महिन्यापूर्वी, 29 जानेवारीच्या रात्री, प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन 67 माणसे प्राणास मुकली होती. त्यामुळे या पोकळ इशाऱ्यांनी काय धास्ती बसली असेल, हे सांगावयास नको. पुढे सिनेटच्या सुनावणीत सिनेटर टेड क्रूझ यांनी जो खुलासा केला त्यावरून असे दिसते की, नौदल आणि सीक्रेट सर्व्हिस यांनी ड्रोनविरोधी सामग्रीची चाचणी या यंत्राच्या लहरींशी जवळीक असलेल्या लहरींवर चालविली होती.

टीकॅस नावाचे हे यंत्र दुसरे विमान डोळ्यांनी पाहत नाही. ते त्याला विचारते. आसपासच्या विमानांतील ट्रान्सपाँडरना 1030 मेगाहर्ट्झवर प्रश्न जातो, 1090 वर उत्तर येते, आणि त्या उत्तरास लागलेल्या वेळावरून अंतर व त्यातल्या आकड्यावरून उंची ताडून, गाठ पडण्यास किती सेकंद उरले याचा हिशेब ते अखंड मांडीत असते. आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ अशी सूचना होते. मग उंचीनुसार पंधरा ते पस्तीस सेकंद उरले असता ‘क्लाइंब, क्लाइंब’ किंवा ‘डिसेंड, डिसेंड’ असा हुकूम सुटतो, आणि दोन्ही विमानांत यंत्रे असली तर एकाने वर जावे व दुसऱ्याने खाली, हे ती आपसांत ठरवून घेतात.

आता निष्कारण ठरलेला इशारा आणि निखालस खोटा इशारा यांत भेद केला पाहिजे, जो वर्तमानपत्री चर्चेत सहसा केला जात नाही. पहिला प्रकार असा: एक विमान मिनिटाला अडीच हजार फूट वेगाने चढत असून ते दुसऱ्याच्या खाली हजार फुटांवर थांबणार आहे, हे त्याचा वैमानिक जाणतो, नियंत्रक जाणतो. यंत्र मात्र केवळ चढण्याचा वेग जाणते, वैमानिकाचा मनोदय नव्हे, म्हणून ते ओरडते. अंधारात येणाऱ्या पाटलालाच हटकणाऱ्या गावच्या जागल्याने आपले काम चुकविले, असे कोणी म्हणेल काय? या इशाऱ्यांवर उपायही साधा आहे: ठरलेली उंची गाठण्यापूर्वीचे शेवटचे हजार फूट मिनिटाला पंधराशे फुटांहून कमी वेगाने काटावेत, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने केलेलीच आहे. तिचे पालन हा वैमानिकी शिष्टाचाराचा भाग मानला, तर यंत्राला बोल लावण्याचे प्रसंग पुष्कळच कमी होतील.

हे यंत्र नसण्याची किंमत आपण चरखी दादरीच्या शेतांत मोजली आहे. 12 नोव्हेंबर 1996 रोजी तेथे सौदी आणि कझाक विमाने आदळून 349 माणसे मेली, आणि त्यानंतरच भारतात हे यंत्र सक्तीचे झाले. ते असून त्याचे न ऐकण्याची किंमत जर्मनीत युबरलिंगेनवर, 1 जुलै 2002 च्या रात्री, 71 जणांनी मोजली: यंत्र रशियन वैमानिकांना ‘वर जा’ म्हणत होते, जमिनीवरचा नियंत्रक ‘खाली या’ म्हणत होता, त्यांनी नियंत्रकाचे ऐकले, आणि समोरचे मालवाहू विमान आपल्या यंत्राच्या हुकुमानुसार खालीच येत होते. तेव्हापासून दंडक निःसंदिग्ध झाला आहे की यंत्राचा हुकूम नियंत्रकाच्या शब्दाहून वरचढ. तो आधी पाळावयाचा, खल मागाहून करावयाचा.

ज्याला संशय घेण्याची मुभाच आपण ठेवली नाही, त्या वैमानिकाच्या कानी वॉशिंग्टनसारखा निखालस खोटा हुकूम पडू देणे हा किरकोळ तांत्रिक दोष नव्हे. पोकळ इशाऱ्यांनी विटलेला माणूस खऱ्या इशाऱ्याच्या वेळी दोन सेकंद रेंगाळतो, आणि त्याला हालचालीसाठी दिलेली मुदतच मुळी पाच सेकंदांची असते. कोणी म्हणेल, मग यंत्रच थोडे मितभाषी करावे. ते काही उंचीपुरते केलेलेच आहे: जमिनीपासून सुमारे हजार फुटांखाली ते चढण्या-उतरण्याचे हुकूम देत नाही, कारण तेथे खोट्या गजराची आणि जमिनीवर आदळण्याची भीती अधिक. 29 जानेवारीच्या त्या विमानात म्हणूनच टकरीपूर्वी सुमारे वीस सेकंद ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ एवढेच ऐकू आले. पुढचा हुकूम आला नाही. तेव्हा यंत्राला आणखी गप्प करणे हा मार्ग मला तरी पसंत नाही.

आपल्याकडे अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात विमानांना जीपीएसचे खोटे संकेत मिळाल्याचे सरकारनेच संसदेत मान्य केले आहे. टीकॅसचा हिशेब जीपीएसवर चालत नाही हे खरे, पण तशा संकेतांनी डोंगर नसताना डोंगराचा इशारा देणारी यंत्रणा त्याच वैमानिकासमोर बोलत असते. ड्रोनविरोधी सामग्री आज ना उद्या आपल्या विमानतळांभोवतीही वाढणार. तेव्हा बंदोबस्त आताच हवा. चाचणी घेणाऱ्या खात्याने, मग ते लष्करी का असेना, तारीख, वेळ आणि लहरींची मर्यादा नियंत्रकाला आगाऊ लेखी कळवावी. पहिला पोकळ इशारा नोंदला जाताच चाचणी तहकूब करण्याचा अधिकार नियंत्रकाचा असावा. आणि ती चाचणी कोणाच्या सहीने सुरू झाली होती, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या दफ्तरी नावानिशी नमूद राहावे.