मागणीमागचा माणूस दिसला पाहिजे

आपल्या अनेक शाखांनी आता यूट्यूबवर स्वतःचे चॅनल उघडले आहे. व्हॉट्सॲपचे ग्रुप तर डेपोडेपोत आणि पोस्टापोस्टात आहेत. ही समाधानाची बाब आहे. पण त्यावर आपण टाकतो काय? व्यासपीठ, मागे फलक, हारतुरे, पाहुण्यांचा परिचय आणि मग पाऊण तासाचे भाषण. माईक घुमतो, वक्त्याचा निम्मा चेहरा फुलांच्या गुच्छाआड असतो. मागच्या अधिवेशनाचा असाच एक व्हिडिओ मी घरी मोठ्या कौतुकाने लावला. सुनेने मिनिटभर पाहिला आणि म्हणाली, "बाबा, पण तिथं झालं काय ते तुम्हीच सांगा ना."

मग मी तिला एका कीमनची हकीकत सांगितली. डिसेंबरातली सकाळ, दाट धुके. खांद्यावर पाना, हातोडा, झेंड्या आणि पटाख्यांचा डबा घेऊन गडी आपल्या बीटवर निघाला होता. थंडीने रूळ आकसतात, वेल्डिंगच्या जागी तडा जातो. तसा तडा त्याला दिसला, आणि गाडीची वेळ झालेली. जागेवर लाल झेंडी रोवून तो गाडीच्या दिशेने धावत सुटला. ब्रॉडगेजवर नियम असा की ६०० मीटरवर एक पटाखा आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन पटाखे रुळावर बांधायचे. धुक्यात, खडीवरून, अंगावर ते सगळे ओझे घेऊन. पटाखे फुटले, ड्रायव्हरने गाडी उभी केली. आत झोपलेल्या प्रवाशांना गाडी का थांबली हेही कळले नाही.

सुनेने हातातले काम ठेवून शेवटपर्यंत ऐकले. तो कीमन त्या दिवशी सभागृहात तिसऱ्या रांगेत बसलेला होता. आमचा कॅमेरा त्याच्याकडे एकदाही वळला नव्हता.

बंधु-भगिनींनो, इथेच आपले चुकते. मागणीपत्रात आपण लिहितो, 'ट्रॅक मेंटेनरांच्या बीटची लांबी कमी करावी, हत्यारांचे वजन कमी करावे, येणाऱ्या गाडीची सूचना देणारे यंत्र प्रत्येकाला द्यावे.' वाक्य बिनचूक आहे आणि प्रशासनाकडे ते तसेच गेले पाहिजे. पण प्रवाशाला बीट म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्याच्या डोळ्यांपुढे ती धाव उभी राहिली, तर बीटची लांबी त्याला समजावून सांगावी लागत नाही. रेल्वे कर्मचारी म्हणजे फुकट पास आणि सरकारी क्वार्टर एवढेच ज्याच्या डोक्यात बसले आहे, त्याला आकडेवारी ऐकवून तो बधत नाही.

हे कोणी आपल्याला नव्याने शिकवावे असेही नाही. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा कामगार वस्तीत हेच चालत होते. अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड घ्या. विषय संयुक्त महाराष्ट्राचा, बेळगाव-कारवारचा. पण ती उभी आहे ती गावी बायकोला ठेवून मुंबईला पोटासाठी आलेल्या एका माणसाच्या विरहावर. आधी तो माणूस भेटतो, मागणी मागाहून येते. पुढे आपण परिपत्रकांच्या भाषेत इतके रमलो की द्वारसभेतसुद्धा कलम आणि पोटकलम वाचू लागलो. मीही त्यातलाच. तरुण ट्रॅकमन सभेला थांबत नाहीत अशी तक्रार सगळेच करतात. त्यांनी थांबावे असे आपण काय बोलतो, हे कोणी विचारत नाही.

८ मे ते २७ मे १९७४ हा संप आमच्या पिढीला मागण्यांच्या यादीवरून कळलेला नाही. क्वार्टरमधून भांडीकुंडी बाहेर काढली गेली, पुरुष तुरुंगात आणि बायका पोलिसांपुढे दारात उभ्या, हे घरात ऐकून कळला. त्या वेळी रेडिओ सरकारचा होता, आपल्या हाती पत्रके आणि चौकसभा. संप मोडल्याची बातमी देशाने ऐकली. १९७९ मध्ये रेल्वे कामगाराला बोनस लागू झाला, त्यामागे त्या वीस दिवसांची किती झीज होती, ते मात्र कोणी सांगितले नाही. तेव्हा विशीत असलेला खलाशी आज सत्तरीपलीकडे आहे. भुसावळ, कल्याण, सोलापूर, नागपूर, झालेच तर इटारसी आणि हुबळीलाही अशी माणसे आहेत. त्यांच्यापुढे फोन धरून बसण्याचे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. आणि बायकांनाही विचारा. संपकऱ्याला आठवत नाही ते तिला आठवते, चूल कशी पेटली ते तिलाच ठाऊक.

टपालातल्या साथींकडे तर गोष्टींचा तोटाच नाही. २०१८ च्या मे-जूनमध्ये ग्रामीण डाक सेवकांनी पंधरवडाभर संप केला, पण शहरातल्या माणसाला डाक सेवक हा नियमित सरकारी कर्मचारी धरला जात नाही, हेच मुळी माहीत नव्हते. एका डाक सेवकाबरोबर एक दिवस काढा. वाडीवरच्या म्हातारीचे पैसे द्यायचे आहेत, पण मशीनला रेंज नाही म्हणून तो तिला घेऊन टेकाड चढतो. रेंज मिळते, तर आयुष्यभर माती कालवून झिजलेल्या बोटाचा ठसा मशीन घेत नाही. एक बोट, दुसरे बोट, हात पुसून परत. कागदावर त्याचे काम चार-पाच तासांचे. वरून नवीन खाती उघडण्याचे टार्गेट. यात निवेदकाने काही बोलण्याची गरज आहे का?

करायचे कसे, याबद्दल थोडे. एका व्हिडिओत एकच माणूस आणि त्याचा एकच दिवस घ्या. पहिल्या काही सेकंदांत तो काहीतरी करताना दिसावा, नमस्कार-चमत्कार नकोत. त्याला काय करायचे आहे आणि आडवे काय येते, एवढे कळले की बघणारा थांबतो. मागणी शेवटी एका वाक्यात यावी. चित्र थोडे हलले तरी चालते, आवाज मात्र स्वच्छ हवा. फोन बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा, वाऱ्याकडे पाठ करा. त्याला त्याच्याच बोलीत बोलू द्या, वऱ्हाडी तर वऱ्हाडी, अहिराणी तर अहिराणी. खाली हिंदीत ओळी द्या, म्हणजे खडगपूरच्या कीमनलाही ते आपले वाटेल. शिवाय बरेच लोक फोनचा आवाज बंद करूनच बघतात.

सावधगिरीची गोष्ट मात्र कोणी हलक्यावर घेऊ नये. ड्युटीवर, चालू रुळात उभे राहून चित्रण करायचे नाही. तो तडा परत दाखवण्यासाठी कोणाला रुळावर उभे केले आणि काही झाले, तर त्या व्हिडिओचे आपण काय करणार? सुटीच्या दिवशी, रुळापासून दूर, घरी किंवा युनियनच्या कार्यालयात बसवून त्याला सांगू द्या. हाताने पाना कसा धरतो तेवढे दाखवले तरी पुरते. टपालात कोणाच्या पत्रावरचा पत्ता, खाते क्रमांक किंवा त्या म्हातारीचा चेहरा तिच्या परवानगीवाचून दिसता कामा नये. रेल्वेला १९६६ चे आणि टपालाला १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. म्हणून कामगाराने स्वतःच्या खात्यावरून काही टाकू नये. युनियनच्या नावाने, पदाधिकाऱ्यांनी आधी पाहून, त्यांच्या जबाबदारीवर टाकावे. ज्याला चेहरा दाखवायचा नसेल त्याचे नुसते हात दाखवा, आवाजही दुसऱ्याचा घ्या, पण तसे खाली लिहा.

आणि रचून काही सांगायचे नाही. चार गाड्या होत्या तर चारच म्हणा. एक खोटा प्रसंग पकडला गेला की पुढचे दहा खरे प्रसंग प्रशासन त्याच एका वाक्याने फेटाळील. गोष्ट रंगावी म्हणून रडते संगीत घालण्याचाही मोह होतो. त्यात परक्याचे गाणे वापरले तर चॅनलवर हरकत येते ती वेगळीच. पटाख्याचा आवाज पुरेसा आहे.

प्रत्येक शाखेने येत्या सभेत दोन तरुण सभासद या कामासाठी नेमावेत, त्यातली एक शक्यतो भगिनी असावी. पहिला व्हिडिओ चार मिनिटांपेक्षा मोठा नको. प्रसिद्ध करण्याआधी तो युनियनबाहेरच्या एखाद्या माणसाला, शेजाऱ्याला किंवा घरच्यांना दाखवा, आणि ते मध्येच उठून गेले तर रागावू नका, पुन्हा कापा. पदाधिकाऱ्यांचे सत्कार त्यात घालू नयेत. या चिटणीसाचाही नाही.