आधी टेकडी, मग नर्सरी

मी पोटासाठी कोड लिहितो, म्हणून बाल्कनीतल्या कुंड्यांनाही आधी टायमर लावला. वारज्यातली आमची बाल्कनी पश्चिमेची. गेल्या एप्रिलमध्ये आठवडाभर गावी गेलो, ड्रमातलं पाणी संपलं, टायमर मात्र वेळच्या वेळी चालू-बंद होत राहिला. फर्न, पीस लिली, पेटुनिया, सगळं गेलं. अम्मीचा सब्जाही वाळला. त्याचं बी तिने अब्बांच्या कबरीवरच्या रोपांचं आणलं होतं, त्यामुळे घरात कुणी काही बोललं नाही. जूनच्या पावसात तो त्याच कुंडीत, न पेरता, पुन्हा उगवला. (शेजारच्या काकूंना तुळस वाटली. नात्यातलीच आहे ती.)

मग उशिरा का होईना, घराजवळच्या स्मृतिवनात गेलो. १६.८ हेक्टरची ही उजाड टेकडी वन विभाग, टेर पॉलिसी सेंटर ही संस्था आणि नागरिक यांनी मिळून हिरवी केली. ५ जून २०२० रोजी केंद्राने देशभर २०० नगर वनांची योजना जाहीर केली, तेव्हा नमुना म्हणून हीच टेकडी दाखवली. आणि मी रोपं ऑनलाइन मागवत होतो!

पुण्यात पाऊस चार महिने, बाकी आठ महिने जवळपास कोरडे. इथली झाडं त्या हिशेबानेच जगतात. कोरांटी पावसाळा सरता सरता पिवळी फुलते. धायटीला उन्हाळ्याच्या तोंडावर लाल फुलं येतात. बहावा ऐन एप्रिल-मेमध्ये लगडतो. अडुळसा आणि निर्गुडी काडी खोचली तरी लागतात, शिवाय शेळ्या त्यांना तोंड लावत नाहीत. टेकडीवरून काही उपटून मात्र आणू नका. नावं टिपा, श्री. द. महाजनांचं ‘देशी वृक्ष’ चाळा, रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारा. जून-जुलैत लावा. पहिला उन्हाळा पाणी द्यावंच लागतं, ‘देखभाल नको’ म्हणजे पहिल्या दिवसापासून नव्हे.

आमच्या सोसायटीला लॉन हवंय, तेही टँकरच्या पाण्यावर. त्यावर भांडणं चालूच आहेत. मला जास्त काळजी गावच्या कब्रस्तानाची वाटते. आम्ही सगळे शहरात, पाणी घालायला कुणी नाही. म्हणून कमिटी मोकळ्या जागेत फरशी घालायचं म्हणते. मी त्यांना कुंपणाला अडुळसा-निर्गुडी, कडेने कोरांटी, दाराशी एक बहावा असं लिहून दिलंय. पहिल्या उन्हाळ्याच्या पाण्याचे पैसे आम्ही तिघे चुलतभाऊ देणार आहोत. कबरींवर सब्जा आहेच.