विमानतळ सावरला, पंख मात्र गेले!

दि. २७ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनच्या युद्धातून बाहेर पडलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना घेऊन एअर इंडियाचे विमान हंगेरीच्या राजधानीतून, बुडापेस्टहून, दिल्लीत उतरले. ‘ऑपरेशन गंगा’तील ते तिसरे विमान. आदल्याच दिवशी पहिले विमान रुमानियाच्या बुखारेस्टहून मुंबईत पोहोचले होते. पुढील काही दिवस बुडापेस्टच्या विमानतळावर भारतीय विमाने येत राहिली आणि आपल्या मुलामुलींना मायदेशी आणत राहिली. राष्ट्राचे सामर्थ्य म्हणजे काय, हे त्या मुलांच्या आईवडिलांना कोणत्याही परिसंवादाविना उमगले. परंतु ज्या विमानतळावर भारताची विमाने उतरत होती, त्या विमानतळावर यजमान राष्ट्राची स्वतःची राष्ट्रीय विमानसेवा उरली नव्हती. ती दहा वर्षांपूर्वीच, त्याच फेब्रुवारी महिन्यात, अस्तंगत झाली होती.

३ फेब्रुवारी २०१२ च्या सकाळी सहा वाजता ‘मालेव’ या हंगेरीच्या राष्ट्रीय विमान कंपनीने आपली सर्व उड्डाणे थांबविली. १९४६ मध्ये सोव्हिएत भागीदारीत जन्मलेली ही सेवा ६६ वर्षांनी संपली. तेल अवीव आणि डब्लिन येथे तिची विमाने थकबाकीपोटी अडवून ठेवण्यात आली होती. परक्या भूमीवर राष्ट्राचे विमान धनको अडवून ठेवतो, याहून मोठी मानहानी ती कोणती? सुमारे २,६०० कर्मचारी एका सकाळीत निराधार झाले. बुडापेस्ट विमानतळावरील सुमारे दोन-पंचमांश वाहतूक एकट्या मालेवची होती. तीही त्याच सकाळी नाहीशी झाली.

विमानतळाने काय केले?

यानंतर बुडापेस्टच्या विमानतळाने जे केले, ते निःसंशय वाखाणण्यासारखे आहे. रिकामे झालेले मार्ग भरून काढण्यासाठी विमानतळाने परदेशी कंपन्यांना आवतण दिले. आयर्लंडच्या रायनएअरने त्याच महिन्यात तेथे आपला तळ उभारला, तर विझ एअरने आपली विमाने वाढविली. ३० मे २०१२ रोजी जुने टर्मिनल १ बंद करून सर्व वाहतूक टर्मिनल २ मध्ये एकवटण्यात आली. स्वस्त प्रवासाच्या कंपन्यांना हवाईपूल नको होते, चकचकीत प्रतीक्षागृहे नको होती. त्यांना थोड्या वेळात विमान परत फिरवता येईल एवढीच सोय हवी होती. म्हणून त्यांच्या प्रवाशांसाठी पत्र्याच्या साध्या शेडी उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये त्यांच्या जागी नवी पक्की इमारत आली. मालवाहतुकीसाठी स्वतंत्र ‘कार्गो सिटी’ही उभारण्यात आली.

आकडे पाहा. २०११ मध्ये सुमारे ८९ लाख प्रवासी होते. २०१२ मध्ये ते ८५ लाखांवर आले. २०१४ मध्ये ९१ लाखांवर पोहोचून त्यांनी जुनी संख्या मागे टाकली. २०१९ मध्ये ते १ कोटी ६० लाखांपलीकडे गेले आणि २०२४ मध्ये पावणेदोन कोटींचा टप्पा ओलांडला.

नेमके हेच आकडे आपल्याकडील बाजारशरण पंडित मोठ्या उत्साहाने पुढे करतात. राष्ट्रीय विमान कंपनी मेली तरी काय बिघडले, विमाने उडतच आहेत, प्रवासी वाढतच आहेत, तिकिटे स्वस्त झाली आहेत, मग ‘स्वदेशी’चा हा हट्ट कशासाठी, असा त्यांचा सवाल असतो. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु धर्मशाळेत उतरणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून घर भरले, असे कोणी म्हणत नाही. मालेवच्या काळात बुडापेस्ट हे संगमस्थान होते. लहान-मोठ्या शहरांतून प्रवासी तेथे येत, विमान बदलत आणि पुढे जात. ही जोडणी एका वेळापत्रकात ओवणारी कंपनीच गेल्यावर तो संगमही आटला. उरले ते केवळ थेट येणारे आणि थेट जाणारे प्रवासी. परदेशी कंपनी नफा दिसेल तोवर थांबते, नफा आटला की आपले विमान दुसऱ्या देशात हलवते. यात तिचा दोष नाही, तो तिचा धर्मच आहे. परंतु राष्ट्राची राजधानी जगाशी कोठे आणि किती जोडलेली असावी, हा निर्णय मात्र राष्ट्राच्या हातून निसटतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा पोलंडने दिला. पोलंडची राष्ट्रीय विमान कंपनी ‘लॉट’ हीसुद्धा त्याच सुमारास डबघाईला आली होती. तिलाही सरकारी मदत घ्यावी लागली. परंतु पोलंडने मदतीबरोबर काटेकोर पुनर्रचनेची योजना मांडली, खर्चाला कात्री लावली आणि २०१४ मध्ये युरोपीय आयोगाची संमती मिळविली. मे २०१८ मध्ये हीच लॉट कंपनी बुडापेस्टहून न्यूयॉर्क आणि शिकागो येथे उड्डाणे करू लागली! हंगेरीच्या राजधानीला अमेरिकेशी जोडण्याचे काम दुसऱ्या देशाच्या राष्ट्रीय कंपनीने करावे, यावर वेगळे भाष्य हवे काय?

मारेकरी कोण?

बाजारपंडितांना उत्तर दिले म्हणजे डाव्या विचारवंतांचा विजय झाला, असे मात्र मुळीच नाही. मालेवला बाजाराने मारले, असा टाहो फोडणाऱ्यांनी तिचा इतिहास वाचावा. सोव्हिएत साच्यातून आलेल्या या कंपनीला नफ्या-तोट्याचा हिशेब कोणी कधी कठोरपणे विचारला नाही. २००७ मध्ये ती रशियन उद्योगपतीच्या पाठबळावरील गटाच्या हवाली करण्यात आली. तो डाव फसला आणि २०१० मध्ये सरकारने ती पुन्हा आपल्या गळ्यात बांधून घेतली. दरम्यान सरकारी तिजोरीतून पैसा ओतला जात होताच. जानेवारी २०१२ मध्ये युरोपीय आयोगाने २००७ ते २०१० या काळातील ही मदत बेकायदा ठरविली आणि ती वसूल करण्याचा आदेश दिला. ही रक्कम सुमारे ३८ अब्ज फोरिंट होती. एवढी परतफेड करण्याची ताकद कंपनीत नव्हती. ब्रसेल्सच्या अधिकाऱ्यांनी शेवटचा घाव घातला हे खरे, परंतु झाड आतून कधीच पोखरले गेले होते.

आणखी एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. विझ एअर उभी करणारे योझेफ वाराडी हे २००१ ते २००३ या काळात मालेवचेच मुख्य कार्यकारी अधिकारी होते. म्हणजे माणूस तोच, शहर तेच, विमानतळही तोच. मालेवमध्ये असताना जे साधले नाही, ते बाहेर पडून साधले. कर्तृत्व हंगेरीत होते, व्यवस्था नव्हती. त्या कर्तृत्वाला भांडवल मात्र प्रामुख्याने अमेरिकेतून घ्यावे लागले.

आपण काय शिकावे?

आपल्या देशात हा प्रश्न पुस्तकी नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून मुंबईच्या जुहूला टपाल घेऊन उतरले आणि भारतीय विमानसेवेचा प्रारंभ झाला. १९५३ मध्ये नेहरू सरकारने ती सेवा टाटांकडून काढून घेतली. पुढील काही दशकांत महाराजाच्या पगडीचे काय झाले, हे सर्वांनी पाहिले. २०२१ मध्ये १८,००० कोटी रुपयांच्या बोलीवर ती पुन्हा टाटांकडे सोपविण्याचा निर्णय झाला, तेव्हा ‘राष्ट्राची संपत्ती विकली’ अशी आरोळी उठली. २७ जानेवारी २०२२ रोजी हस्तांतर झाले आणि बरोबर एका महिन्याने तीच एअर इंडिया बुडापेस्टहून भारतीय मुलांना घरी आणत होती! १९९० मध्ये कुवेतच्या संकटातून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना आणणारी एअर इंडिया सरकारी होती, २०२२ मधील खाजगी होती. दोन्ही वेळा ती भारताची होती, म्हणूनच हाकेसरशी धावली.

दत्तोपंत ठेंगडी यांनी साम्यवाद आणि भांडवलशाही यांच्यापलीकडच्या तिसऱ्या मार्गाचा आग्रह धरला होता. त्याचा व्यावहारिक अर्थ येथे दिसतो. स्वदेशी म्हणजे सरकारी नव्हे आणि स्वदेशी म्हणजे नालायकीला दिलेले अभयही नव्हे. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द होऊन देशभरचे विमानतळ गोंधळले. दोन्ही कंपन्या भारतीयच होत्या. म्हणून एकाच कंपनीवर देश टांगून ठेवता कामा नये आणि हिशेब प्रत्येकाला विचारला गेलाच पाहिजे. शिस्तीविना स्वदेशी ही केवळ घोषणा ठरते.

जून २०२४ मध्ये हंगेरीने २००५ साली परकीयांना विकलेला आपला विमानतळ फ्रान्सच्या विन्सी कंपनीला सोबत घेऊन परत विकत घेतला. त्यासाठी सुमारे ३१० कोटी युरो मोजले गेले आणि ८० टक्के हिस्सा राष्ट्राकडे आला. विमानतळ पैसे टाकून परत मिळाला. परंतु मालेव परत मिळाली नाही. वैमानिक, अभियंते, मार्ग आणि विश्वास यांनी विणलेली विमानसेवा एकदा उसवली की कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही. ज्याच्याकडे स्वतःचे पंख आहेत, त्याने ते सांभाळावेत. संकटाच्या रात्री परक्याच्या वेळापत्रकात आपल्या मुलांसाठी जागा असेलच, याची हमी कोणीही देत नाही!