काढलो कोणाक?

एप्रिल २०२५मध्ये भारतीय संघाचा सहायक प्रशिक्षक अभिषेक नायर याला काढल्याची बातमी आली, तेव्हा मालवणच्या बाजारात एका दुकानदाराने थेट विचारलं, ‘‘रन त्येंनी काढूक नाय, आनी काढलो कोणाक? ह्येका?’’ या प्रश्नाचं धड उत्तर क्रिकेट मंडळाकडून काही मिळालं नाही.

नायर २०२४च्या जुलैअखेर गौतम गंभीरसोबत आला. ऑक्टोबरात बंगळूरला न्यूझीलंडसमोर आपला डाव ४६ धावांत आटोपला. मायदेशातली ती आपली नीचांकी धावसंख्या. वानखेडेवर १४७ करायच्या होत्या, १२१मध्ये गुंडाळले गेलो. मालिका ०-३. मग ऑस्ट्रेलिया. मेलबर्नला शेवटच्या दिवशी चहापानानंतर सात गडी ३४ धावांत गेले. रोहित शर्माने पाच डावांत मिळून ३१ धावा केल्या. विराट कोहली ऑफस्टंपबाहेरच्या चेंडूला बॅट लावून झेल देत राहिला. ती मालिका १-३ने गेली. मार्चमध्ये दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली, आणि त्यानंतर सव्वा महिन्यात नायर घरी.

फलंदाजीवर काम करणारा मदतनीस दौऱ्यावर करतो काय? नेटमध्ये थ्रोडाऊन देतो, चित्रफिती दाखवतो, पाय कुठे पडतोय ते सांगतो. छत्तिशीतल्या फलंदाजाची वर्षानुवर्षांची सवय दोन कसोटींमधल्या चार-पाच दिवसांत कोणाच्या सांगण्याने सुटत नाही. शिवाय पुण्यात चेंडू हातभर वळेल अशी खेळपट्टी हवी, हे ठरवणारे वेगळेच होते. त्या खेळपट्टीवर न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने आपले १३ बळी घेतले. तो निर्णय नायरच्या खात्यावर कसा मांडायचा?

आमच्याकडे रापण ओढताना जाळ्यात मासळी आली नाही, तर दोराला हात लावणाऱ्या एकाला बाजूला काढून कोणी मोकळं होत नाही. जाळं कुठे टाकायचं हे ज्याने ठरवलं, त्यालाही जाब द्यावा लागतो.

अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये तर हंगामाच्या मध्येच मदतनीस काढण्याची रीत पडून गेली आहे. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ नोव्हेंबर २०२४मध्ये नोत्र दामकडून ५२-३ असा हरला. दुसऱ्याच दिवशी आक्रमण सांभाळणारा ॲलेक्स ॲटकिन्स आणि त्याच्यासोबत आणखी दोघे मदतनीस गेले. मुख्य प्रशिक्षक माइक नॉर्व्हेल राहिला. तरी हंगाम २-१० असाच संपला.

आपल्याकडे बीडच्या संजय बांगरच्या वाट्याला २०१९मध्ये हेच आलं. विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत मँचेस्टरला ५ धावांत ३ गडी गेले, आपण १८ धावांनी हरलो. रवी शास्त्री राहिले, गोलंदाजीचे भरत अरुण राहिले, क्षेत्ररक्षणाचे श्रीधर राहिले. बदलला गेला तो एकटा बांगर. चौथ्या क्रमांकावर कोण खेळणार, हे स्पर्धेला निघेपर्यंत नीट ठरलेलं नव्हतं. ते ठरवणं एकट्या फलंदाजी प्रशिक्षकाच्या हातात कधीच नव्हतं.

नायर गेल्यावर फलंदाजी सुधारली का? इंग्लंडमध्ये शुभमन गिलने ७५४ धावा केल्या, मालिका २-२ सुटली, आनंद झाला. पण नोव्हेंबरात ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेसमोर १२४ धावा हव्या असताना ९३मध्ये सर्व बाद. आम्हाला हवी तशीच खेळपट्टी मिळाली, असं गंभीरने स्वतःच सांगितलं. पाठोपाठ गुवाहाटीत ४०८ धावांनी हार. फलंदाजीचा प्रशिक्षक आता सितांशू कोटक होता. माणूस बदलला, पण दुखणं होतं तिथेच राहिलं.

खेळाडूंनी मात्र नायरचं ऋण उघडपणे मानलं. के. एल. राहुलने आपल्या बदललेल्या खेळाचं श्रेय त्याला दिलं. वानखेडेवर चेन्नईविरुद्ध नाबाद ७६ केल्यावर रोहितने त्याचे जाहीर आभार मानले, तेही नायरला काढल्याला आठवडा झाला नव्हता तेव्हा. दिनेश कार्तिकला त्याने कसं पुन्हा उभं केलं, हे मुंबईच्या क्रिकेटमध्ये सगळे जाणतात. या कामाला महिने, वर्षं लागतात.

रमाकांत आचरेकर सर मूळ आमच्या मालवणचे. प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळलेल्या या माणसाने सचिन, कांबळी, अमरे, आगरकर, चंद्रकांत पंडित घडवले. शिवाजी पार्कवर मुलांना एकामागून एक सामने खेळवताना, या हंगामात धावा झाल्या नाहीत म्हणून सरांना कोणी हटवलं नाही. देशाच्या संघाला तेवढी मोकळीक देता येणार नाही, हे मान्य. निकाल लागतात, लोक चिडतात. पण काढायचंच असेल तर कारण लिहून जाहीर करा, आणि मुख्य प्रशिक्षकाचे, कर्णधाराचे, निवड समितीचे निर्णयही त्याच कागदावर तपासा. निवड समितीचा अध्यक्ष अजित आगरकर सरांचाच शिष्य आहे. ही अपेक्षा मी त्याच्याकडूनही ठेवतो.

नायर पुढे कोलकाता नाइट रायडर्सचा मुख्य प्रशिक्षक झाला. ही जागा रिकामी झाली ती चंद्रकांत पंडित बाजूला झाल्यामुळे. २०२४मध्ये त्यांच्याच हाताखाली कोलकात्याने आयपीएल जिंकली होती. पुढच्या एका खराब हंगामानंतर पंडितही गेले.