इशारा : दोन तासांचा हिशेब द्या

जिल्ह्याचे पोलीस आणि परिवहन अधिकारी यांस,

आम्ही महामार्गालगतच्या गावांतले रहिवासी. आजवर विनंत्या केल्या. यापुढे करणार नाही.

निवेदने दिली. आवक शिक्का बसला. बैठका झाल्या. आश्वासने मिळाली. गावे शांत राहिली. त्या शांततेचा आपण सोयीचा अर्थ काढला.

पहाटे डेअरीवर निघालेला आमचा माणूस मोटारीखाली गेला. दुधाचे कॅन चारीत पडले होते. मोटारीत दारूची बाटली होती. गावाने पाहिली. पंचनाम्यात ती आली नाही.

चालकाचे रक्त दुपारी घेतले. अहवाल कोरा आला. तो तसाच येणार होता.

कायदा आम्हीही वाचला आहे.

मोटार वाहन कायदा, कलम १८५. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

कलम २०२. अटकेनंतर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी. ती झाली नाही, तर आरोपीला कोठडीतून सोडावे लागते.

उशीर झाला की सुटका. हा उशीर कुठे होतो, ते आम्हाला माहीत आहे.

२००६ साली मुंबईत कार्टर रोडवर फूटपाथवर झोपलेले सात मजूर मोटारीखाली मेले. चालक प्यायलेला होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम ठेवली. आज त्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेचे कलम १०५ आहे. आमच्या माणसाच्या मरणाला निष्काळजीपणाचे १०६ लावून आपण मोकळे झालात.

आमच्या मागण्या चार.

दररोज रात्री ब्रेथ ॲनालायझरसह नाकाबंदी. फक्त ३१ डिसेंबरला नव्हे.

संशयित चालकाचे रक्त दोन तासांच्या आत. अटकेची आणि नमुन्याची वेळ लेखी.

मृत्यू झाला आणि कलम १०५ लावले नाही, तर त्याचे कारण लेखी.

दोषी ठरलेल्या चालकाच्या परवान्यावर कारवाई. ती झाल्याची माहिती गावाला.

मुदत पंधरा दिवस.

सोळाव्या दिवशी माहिती अधिकारात प्रत्येक अपघाताच्या नोंदी मागू. त्या घेऊन उच्च न्यायालयात जाऊ. ज्यांनी वेळ दवडला, त्यांना नावानिशी प्रतिवादी करू.

त्याच दिवशी गावोगावी ग्रामसभा बसतील. महामार्गाकडेच्या दारू दुकानांविरुद्ध महिलांच्या मतदानाची मागणी होईल. आमच्या बायाबापड्यांना बाटली आडवी करता येते.

त्याच दिवशी आपल्या कार्यालयासमोर ठिय्या बसेल. मागण्या मान्य झाल्याचा लेखी आदेश हातात पडेपर्यंत उठणार नाही.

कायदा हातात घेणार नाही. त्याची गरज नाही. तो आपल्याकडून राबवून घेऊ.

मुदत वाढवून मिळणार नाही.

समस्त ग्रामस्थ