खुर्ची मागे पळते म्हणून स्टिअरिंग काढून घेणाऱ्या आईबाबांना

पोस्ट लांब आहे आणि जरा भांडखोर आहे. चहा घेऊन बसा.

परवा आपल्या पालकांच्या ग्रुपवर एका बाबांनी लिहिलं, मुलाचं गेमचं स्टिअरिंग आणि पेडल कपाटावर टाकून दिलं म्हणून. कारण काय, तर ब्रेक मारला की पोरगं खुर्चीसकट मागे जातं, खुर्ची पलंगावर आपटते, खालच्या मजल्यावरचे वर येतात, आणि शिवाय यंदा दहावी. त्यावर धडाधड अंगठे पडले. दुसऱ्या बाजूचा सल्लाही तयारच होता : "अहो, सीटसकट पूर्ण सेट मिळतो, घेऊन टाका की, दोन-अडीचशे दिनारचा तर प्रश्न!"

मला दोघांशीही भांडायचंय. एकाने पोराला गप्प केलं, दुसरा पाकीट काढतोय. टेबलाखाली वाकून नेमकं काय होतंय ते कुणी बघितलं का?

मी बघितलं. आधी मीही ओरडलेच होते, ते कबूल करते. आमच्याकडे गुदैबियाच्या फ्लॅटमध्ये सगळीकडे गुळगुळीत टाइल्स, त्यावर पाच चाकांची खुर्ची, आणि नववीतला मुलगा. रात्री नऊ वाजता घर्रर्र करत खुर्ची मागे, धप्प. मी दारातूनच "बंद कर ते!" आठवडाभर हेच. मग एका संध्याकाळी तोच म्हणाला, "आई, मी ब्रेक दाबतो तेव्हा पेडल पुढे जातं आणि मी मागे. दोन्ही." बोलता बोलता तो न्यूटनचा तिसरा नियम सांगत होता. तो नियम त्याच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे, आणि त्याच पुस्तकासाठी आपण दरमहा शिकवणीचे पैसे मोजतो. वहीत तो नियम आला की शाबासकी, खोलीत आला की कपाटावर. हे कसलं शिक्षण?

माझी आई सांगलीला पायमशीनवर शिवायची. बसायला लाकडी स्टूल, चार पायांचं, जड. पायाने काम करायचं तर बूड स्थिर पाहिजे, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. घाटात चढावर ट्रक थांबला की क्लीनर आधी उडी मारून चाकाखाली दगड लावतो, बाकीचं नंतर. आपण ह्याच लोकांची मुलं. आणि आता खुर्ची सरकली तर नवीन सेट मागवायचा?

आता थोडं नीट सांगते, कारण आम्ही चुका करून शिकलोय.

पहिला प्रयोग : खुर्चीची चाकं जुन्या बुटांत उभी केली. हसू नका, बऱ्यापैकी चालतं. रबरी तळ टाइलला धरून राहतो. पण जोरात ब्रेक मारला की एखादं चाक बुटातून बाहेर येतं. दुकानात चाकाखाली ठेवायच्या रबरी वाट्या मिळतात, त्यांचंही साधारण तेच. दुसरा प्रयोग : खुर्ची भिंतीला टेकवली. खुर्ची थांबली, पण आता पेडल पुढे पळायला लागलं, आणि भिंतीचा रंग गेला. भाड्याचं घर, डिपॉझिट कापतील ही धास्ती वेगळीच. पेडलच्या खाली कार्पेटला रुतायचे दात असतात, पण टाइलवर ते रुतणार कशात?

मग मुलानेच विचारलं, पेडल पुढे जातं, खुर्ची मागे जाते, तर दोघांना एकमेकांना बांधलं तर? बस्स. गोष्ट एवढीच आहे. पाय पेडलला जेवढं पुढे ढकलतो, तेवढीच पाठ खुर्चीला मागे ढकलते. मध्ये पट्टा असला की दोन्ही जोर त्या पट्ट्यातच अडकतात, फरशीला काही धरून ठेवावंच लागत नाही. मग टाइल गुळगुळीत असो नाहीतर तेल सांडलेली असो.

आपल्या प्रत्येकाच्या घरात भारतात न्यायची खोकी बांधायची नायलॉनची दोरी असतेच. आम्ही आधी तीच घेतली. नायलॉन ताणलं जातं, त्यामुळे ब्रेक दाबला की खुर्ची चार बोटं मागे जाऊन परत यायची, झोपाळाच. लवचीक दोरी तर अजिबात नको. सामान बांधायचा सपाट विणलेला पट्टा, बकलवाला, तो घ्या. पट्टा बसायच्या जागेला बांधू नका, ती फिरते. खाली, जिथे पाच पाय निघतात, तिथे पुढच्या दोन पायांना बांधा आणि पेडलच्या पाटाला मागून वेढा घ्या. खुर्ची अशी वळवा की पाचांपैकी एक पाय बरोब्बर मागे येईल. जोर कमरेच्या उंचीवर येतो आणि पट्टा जमिनीलगत, म्हणून खुर्ची मागे कलंडायला बघते. तो मागचा पाय तिला आवरतो. पाठ मागे झुकण्याचा खटका बंद ठेवा, नाहीतर सगळा ब्रेक पाठीतच जातो. आणि खुर्ची थोडी उंच करा. खाली बसलं की पाय सरळ पुढे ढकलतो, उंच बसलं की जोर खाली जातो. ट्रकवाला ताठ बसतो, फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर जवळजवळ झोपलेला असतो, पण त्याची सीट गाडीलाच जोडलेली असते.

एक इशारा. काही महागड्या पेडलांचा ब्रेक साठ-साठ किलोच्या जोराने दाबावा लागतो. तिथे हे जुगाड करू नका, चाकाची खुर्चीच नको. चाकं काढून त्या जागी बुटके स्थिर पाय बसवा. चाकाची दांडी नुसती ओढून निघते, बहुतेक 11 मिलिमीटरची असते, पण मोजून घ्या. आणि "ब्रेकवाली चाकं" म्हणून कुणी विकायला आलं तर आधी विचारा, ब्रेक कधी लागतो? काहींचा माणूस उठल्यावर लागतो आणि बसल्यावर सुटतो. आपल्याला नेमकं उलटं हवंय.

"पण हे सगळं करायचं कशाला, शेवटी गेमच ना?" हा प्रश्न येणार, माहीत आहे. त्यावर बरेच जण झोऊ ग्वानयूचं उदाहरण देतात. मार्च 2020 मध्ये इथली शर्यत झाली नाही, तिच्या जागी 22 तारखेला कॉम्प्युटरवर सखीरची शर्यत झाली, ती त्याने जिंकली. दोन वर्षांनी त्याच सखीरला खऱ्या फॉर्म्युला वनमध्ये पहिल्याच शर्यतीत दहावा आला. पण मी हे उदाहरण देणार नाही. तो आधीच व्यावसायिक ड्रायव्हर होता, सिम्युलेटरने त्याला घडवलं नाही. आपली मुलं रेसर होणार नाहीत, आणि तसं स्वप्न विकून मला तुमचं मन वळवायचं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ही मुलं सखीरच्या सावलीत वाढलीत. 2004 पासून इथे शर्यत होते, त्यांना 5.412 किलोमीटरचा तो ट्रॅक वळणागणिक पाठ आहे. जून ते सप्टेंबर बाहेर खेळता येत नाही. घरात नळ गळला तर आपण बिल्डिंगच्या माणसाला फोन करतो, बल्बसुद्धा तोच बदलतो. पोराच्या हातात पाना कधी येतो? त्याला पहिल्यांदाच एक खरी अडचण सापडली, स्वतःची, जिचं उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं नाही. आणि आपण ती कपाटावर टाकतो, नाहीतर अडीचशे दिनारला विकत घेऊन संपवतो.

दहावीचं म्हणाल तर वेळ ठरवा ना. आमच्याकडे शाळेच्या दिवसांत अर्धा तास, शुक्रवारी-शनिवारी दोन. तो पट्टा स्वतः बांधतो, स्वतः सोडतो, मग त्याच खुर्चीवर अभ्यासाला बसतो. वेळेवरून आमची अजूनही भांडणं होतात, नाही कशाला म्हणू. पण खालच्यांची तक्रार बंद झाली.

तर कपाटावरचं स्टिअरिंग खाली काढा, दादा. नाव घेत नाही, तुम्हाला कळलंय. पेडलपासून खुर्चीच्या खांबापर्यंतचं अंतर मोजा, त्याच्या अडीचपट लांबीचा पट्टा लागेल. आमच्याकडे एक जास्तीचा पडलाय. शुक्रवारी सकाळी मुलाला घेऊन येते, पट्टा आमचा, चहा तुमचा. मात्र टेबलाखाली तुम्ही वाकायचं.